कट्ट्यावर आलेली परदेशी नोकरी

जॉयस तुस्कानोला मी पहिल्यांदा पाहिलं ते वसईतल्या माणिकपूरच्या एका कोचिंग क्लासच्या जिन्यात. ती भिंतीला कागद चिकटवत होती आणि क्लासचा मालक खालून सांगत होता, "मॅडम, चिकटपट्टीनं रंग निघतो." कागदावर लिहिलं होतं: वसई-विरारमध्ये कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या, शिकणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या सगळ्यांसाठी, रविवारी दुपारी, चहा आहे. खाली तिचा मोबाइल नंबर होता.

मी विरारच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. रविवारी दुपारी मला काही काम नव्हतं, म्हणून गेले.

जॉयस भुईगावची. वडील फ्रेडरिक केळीची वाडी सांभाळतात आणि ही अंधेरीच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. कोविडमध्ये घरी बसून काम सुरू झालं तेव्हा तिला कळलं, की चार घरं सोडून राहणारा ॲन्सेल्म एका बँकेत सायबर सुरक्षेचं काम करतो. "आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये मिस्साला एकाच बाकावर बसतोय," ती सांगायची, "आणि तो काय काम करतो ते मला माहीत नाही. म्हणजे आपल्या गावात अशी किती माणसं असतील?" तिला ही गोष्ट फार लागली होती. त्यातून हा रविवारचा कट्टा निघाला.

पहिल्या रविवारी आम्ही जेमतेम एक बाक भरेल इतके होतो. त्यातले दोघं बारावीच्या ॲडमिशनची चौकशी करायला आले होते आणि चहा पिऊन गेले. जॉयसनं मनाला लावून घेतलं नाही. पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा कागद लावले, नालासोपाऱ्याच्या कॉलेजांत जाऊन बोलली, चर्चच्या पॅरिशमधल्या तरुणांना सांगितलं. वर्षभरात क्लासची मोठी खोली भरू लागली.

तिची एक पद्धत होती. सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडून बसायचं आणि प्रत्येकानं नाव, गाव, मला काय हवं आणि मी काय देऊ शकतो एवढंच सांगायचं. "लाजायचं नाही," ती बजावायची. "मागितल्याशिवाय कोणी देत नाही." आणि खरंच तसं घडायचं. राजोडीच्या ज्युली नावाच्या बाईंना आपल्या घरातल्या पाहुण्यांच्या खोल्यांसाठी वेबसाइट हवी होती, ती तिथल्या तिथं ठरली. कोणाला जुना लॅपटॉप मिळाला, कोणाला मुलाखतीची तयारी करून घेणारं माणूस मिळालं.

भूपेश असाच एका रविवारी आला. चांदीपचा, वडील नाहीत, आई भातशेती करते. विरारच्या कॉलेजातून आयटीची पदवी घेऊन बसलेला. त्याची पाळी आली तेव्हा तो उभाच राहिला, आम्ही बसूनच बोलत होतो तरी. म्हणाला, "मला नोकरी पाहिजे. देण्यासारखं माझ्याकडं काय नाय."

जॉयसनं विचारलं, "खुर्च्या लावता येतात का?"

"येतात."

"मग आहे की."

तेव्हापासून तो सगळ्यांच्या आधी यायचा. खुर्च्या लावायचा, प्रोजेक्टर जोडायचा, माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपासून चर्चच्या फाटकापर्यंत कागद चिकटवायचा. ज्युलीबाईंची वेबसाइट त्यानंच करून दिली. इंग्रजी बोलताना अडखळायचा, म्हणून मुलाखतीत मागं पडायचा. बाकी पोरगा हुशार होता.

हरेश आला तो वर्षभरानंतर. वसई पूर्वेला राहायचा, तिशीतला, नीटनेटका, बोलणं मवाळ. गोलात बसून म्हणाला, "मला दोन चांगली मुलं हवीत. देऊ शकतो ती नोकरी." आम्ही टाळ्या वाजवल्या. तो कंपन्यांना माणसं मिळवून देण्याचं काम करतो म्हणाला. पुढच्या वेळी त्यानं मुलाखतीत कसं बोलावं यावर तासभर सांगितलं आणि चांगलं सांगितलं. पोरांचे बायोडेटा घेऊन एकेक ओळ दुरुस्त करून दिली. कट्टा संपला की कप गोळा करायला थांबायचा. जॉयसनं त्याला व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन केलं, ते आम्हाला सगळ्यांनाच योग्य वाटलं.

त्यानं भूपेशला बँकॉकची नोकरी मिळवून दिली. एका कंपनीच्या ग्राहकांशी चॅटवर बोलायचं, राहणं-जेवण कंपनीचं, इंग्रजी लिहिता आलं की पुरे. आम्ही केक आणला. भूपेशची आई चांदीपहून आली होती. तिनं जॉयसच्या हातात तांदळाची पिशवी ठेवली आणि म्हणाली, "तुमच्यामुलं झालं, बाय."

त्या दिवसाचा फोटो जॉयसनं ग्रुपवर टाकला. खाली सर्वात आधी हरेशचा अंगठा आला.

भूपेशचे पहिला आठवडा रोज मेसेज येत होते. मग आठवड्याला एक. मग बंद झाले. नवी नोकरी, नवा देश, आम्हाला वावगं वाटलं नाही.

पावसाळा सरत आला होता. कट्टा चालू होता, ॲन्सेल्म पासवर्डवर काहीतरी समजावत होता, आणि दार उघडून भूपेशची आई आत आली. चपला हातात, पदर भिजलेला. ती सगळ्यांकडे बघत होती, पण बोलली जॉयसशी.

"माझा भूपेश तुमच्याकडं यायचा ना? दोन महिनं फोन नाय. काल आला. एवढंच बोलला, आये, पानी पन देत नाय. मंग कोनीतरी फोन घेतला."

हरेश उठला, त्यानं आईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "मावशी, मी कंपनीला फोन करतो. काळजी करू नका." त्याच्या आवाजात इतकी माया होती, की मला त्याचाच आधार वाटला.

आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथं सांगण्यात आलं, की मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या पासपोर्टवर गेलाय, आधी कंपनीचा पत्ता आणा. पत्ता हरेशकडे होता. तो रोज म्हणायचा, आज मेल केलाय, उद्या उत्तर येईल. जॉयस सगळं ग्रुपवर लिहीत होती, कोणाला भेटलो, कुठं अर्ज दिला, पुढं काय करणार. ग्रुप हरेशही वाचत होता. हे तेव्हा आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी जॉयसला अनोळखी परदेशी नंबरवरून मेसेज आला. एका देखण्या मुलीचा फोटो, आणि इंग्रजीत, "हाय, आपण जिममध्ये भेटलो होतो ना?" असे मेसेज सगळ्यांनाच येतात. ती ब्लॉक करणार, तेवढ्यात दुसरा आला. तोही इंग्रजीत. "मला तुमच्याबद्दल जाणून घ्यायचं आहे. तुम्हाला काय हवं आणि तुम्ही काय देऊ शकता?" आणि लगेच तिसरा. "मी खुर्च्या लावू शकते."

जॉयसनं मला फोन केला. नुसतं म्हणत होती, "विनयाताई, तो आहे. विनयाताई, तो आहे."

ॲन्सेल्मनं मेसेज पाहिले आणि लगेच ओळखले. बँकेत त्याचं कामच हे होतं. जगभर लोकांना असे गोड मेसेज येतात, ओळख वाढते, मग पैसे लुटले जातात. ते लिहिणारे कोण असतात हेही त्याला वाचून माहीत होतं. बाहेरच्या देशांतून फसवून आणलेली पोरं, कुंपणाच्या आत कोंडलेली, मागं दंडुका घेऊन माणूस उभा. "मी यावर बँकेत भाषणं देतो," तो म्हणाला. "आपल्या कट्ट्यावरून कोणी गेला असेल असं मला एकदाही वाटलं नाही."

त्यानं जॉयसला बजावलं, की भूपेशला नावानं हाक मारू नकोस, मराठीत लिहू नकोस, त्याच्या पाठीमागं कोणीतरी वाचतंय. गिऱ्हाईक असल्यासारखी बोल. मग जॉयस त्या फोटोतल्या मुलीशी बोलू लागली. तुमच्या खिडकीतून काय दिसतं, हवा कशी आहे, आवडीचं ठिकाण कुठलं. तिकडून उत्तरं येत. नदी दिसते. पलीकडचा देश दिसतो. मी नदी बोटीनं ओलांडून आले. त्यावरून ॲन्सेल्मनं अंदाज बांधला, की ती जागा थायलंडमध्ये नाही, म्यानमारच्या सीमेवर आहे.

मग एक दिवस त्या मुलीनं लिहिलं, "माझी मैत्रीणही पुढच्या आठवड्यात इथं येते आहे. तुमच्याच गावची. तिचं नाव आर अक्षरावरून आहे."

आमच्या कट्ट्यावर ऋतिका होती. नालासोपाऱ्याची, नुकतीच कॉलेज संपवलेली. मी तिला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, सध्या काय चाललंय. ती म्हणाली, "मॅडम, सरप्राइज द्यायचं होतं. मला दुबईची नोकरी लागली. गुरुवारी निघतेय. हरेशदादानं केलं सगळं, पण त्यानं सांगितलंय की भूपेशचं प्रकरण मिटेपर्यंत कोणाला सांगू नको, उगाच लोक घाबरतात."

"तिकीट दुबईचंच आहे ना?" मी विचारलं.

"बँकॉकवरून आहे. स्वस्त पडतं म्हणे."

मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते. दूध उतू गेलं आणि गॅस विझला, तरी माझ्या लक्षात आलं नाही. त्या माणसाच्या हातचा चहा मी कितीदा प्यायले होते.

आता सायबर पोलिसांच्या एका महिला अधिकाऱ्यांनी प्रकरण हातात घेतलं. त्यांनी सांगितलं, की हरेशला सुगावा लागू देऊ नका, रविवारी नेहमीसारखा कट्टा भरवा. जॉयसनं भरवला. हरेश आला, कप मांडायला लागला. त्यानं जॉयसला चहा दिला, तो तिनं घेतला आणि प्यायलीसुद्धा. ते तिला कसं जमलं हे मला आजही कळत नाही. नंतर तिनं तो कप मागच्या नळावर नेऊन घासून ठेवला.

बाकीचे गेल्यावर साध्या कपड्यांतले दोन पोलीस आत आले. हरेश पळाला नाही. त्याचा चेहराही बदलला नाही. हातातला कप त्यानं खाली ठेवला आणि जॉयसला म्हणाला, "मीपण तिथूनच आलोय."

त्यानं पाठीवरचा शर्ट वर केला. मानेखालून कमरेपर्यंत चटक्यांचे काळे गोल डाग होते, जवळजवळ, एकावर एक. एक पोलीस पुढं झाला होता, तो थबकला.

"माझा धाकटा भाऊ विघ्नेश अजून तिथं आहे," हरेश म्हणाला. "आम्ही दोघं गेलो होतो. मला सोडलं ते दोन माणसं पाठवायच्या बोलीवर. दोन आली की त्याला सोडणार. दर आठवड्याला त्याचा आवाज पाठवतात. दादा, लवकर कर, म्हणतो."

ऋतिकाला मी आधीच सगळं सांगितलं होतं, तीही तिथंच थांबली होती. तिनं विचारलं, "आणि मी?"

हरेशनं तिच्याकडे पाहिलं नाही.

जॉयसनं विचारलं, "इतक्या मुलांत भूपेशच का?"

"तुम्हीच गोलात विचारायचा ना, काय हवं, काय देऊ शकता," तो म्हणाला. "त्यानं सांगितलं, नोकरी हवी, देण्यासारखं काही नाही. घरात वडील नाहीत, इंग्रजी वाचणारं कोणी नाही. ज्याच्यामागं कोणी बोंबलणार नाही असा बघायचा असतो. मलाही तसंच निवडलं होतं."

त्याला नेल्यावर जॉयसनं खुर्च्यांच्या त्या गोलाकडे पाहिलं आणि एकेक खुर्ची उचलून भिंतीशी रचून ठेवली. कोणाला मदत करू दिली नाही.

कट्टा बंद पडला. काही पालक तिच्या घरी जाऊन बोलून आले. एकानं फ्रेडरिककाकांना तोंडावर सांगितलं, "तुमच्या मुलीनं दुकान मांडलं होतं माणसं विकायचं." काकांनी ते ऐकून घेतलं आणि वाडीत निघून गेले. जॉयस मात्र रोज दूतावासाला लिहीत होती, ॲन्सेल्म नदीकाठचे नकाशे पाठवत होता, मी भूपेशच्या आईबरोबर कचेऱ्यांत बसत होते. भूपेशचे मेसेज येणं बंद झालं होतं. त्याचा अर्थ काय लावायचा हे कोणी कोणाला विचारत नव्हतं.

सुटका झाली ती आमच्यामुळं झाली असं मी म्हणणार नाही. तिकडच्या सैन्यानं त्या भागात छापे घातले, शेकडो माणसं बाहेर निघाली, दूतावासाकडं आमची नावं आधीच होती म्हणून भूपेशचा नंबर लवकर लागला एवढंच. तो मुंबईत उतरला तेव्हा आईनं त्याला ओळखलं नाही. त्याच्या अंगावरून तिची नजर पुढं गेली आणि ती मागच्या माणसांत त्याला शोधत राहिली. त्यानंच तिच्या खांद्याला हात लावला.

जॉयस आणि मी चांदीपला गेलो. तो ओट्यावर बसला होता. माझा फोन टिंग वाजला आणि त्याचं अंग शहारलं, तेव्हा मी फोन बंद करून पिशवीत टाकला. त्यानं थोडंथोडं सांगितलं. एका निवृत्त माणसाला त्यानं लुटलं होतं, तो माणूस शेवटी रडत होता आणि याला पुढचं वाक्य टाइप करायचं होतं. "मला ते काम चांगलं जमायला लागलं होतं," तो म्हणाला. "त्याची भीती वाटते."

ऋतिका येणार हे त्याला तिथल्या नव्या माणसांच्या यादीवरून कळलं होतं, पण हरेश पकडला गेल्याचं आणि त्यानं हे का केलं याचं काही ठाऊक नव्हतं. जॉयसनं सगळं सांगितलं. विघ्नेशचं नाव ऐकताच तो तिच्याकडे बघतच राहिला.

"विघ्नेश? वसईचा? माझ्या वरच्या खाटेवर झोपायचा तो. दादाचं नाव कधी बोलला नाय. मेसेज पाठवायच्या यादीत आपल्याला हवा तो नंबर कसा घुसवायचा ते त्यानंच मला शिकवलं. मला तुमचाच नंबर पाठ होता, कागदांवरचा."

"मग आता कुठाय तो?"

"मेला. मी तिथं पोचल्यावर महिन्यातच. ताप होता, डॉक्टर दिला नाय. मी बघितला ना नेताना."

विघ्नेश पहिल्याच महिन्यात गेला होता. म्हणजे त्यानंतरचे सगळे आठवडे हरेशला मेलेल्या भावाचा जुना, साठवून ठेवलेला आवाज ऐकवला जात होता, आणि तो आवाज ऐकून हरेश ऋतिकाचं तिकीट काढत होता.

घरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आईला आतून काही ऐकू गेलं नव्हतं. तिनं हाक मारली, "जेवायला बसा, बाय." आम्ही आत जाऊन बसलो.

पोलिसांना सांगणं भाग होतं, ते सांगितलं. त्यांनी हरेशला कोठडीत कळवलं. तो काय म्हणाला ते आम्हाला समजलं नाही. खटला अजून उभा राहायचाय. पण भूपेश म्हणाला, की हरेश-विघ्नेशच्या घरी आपण स्वतः जाणार. मी आणि जॉयसनं त्याला परोपरीनं सांगितलं, की तुझ्यावर ही वेळ आणणाऱ्याचं घर आहे ते. तो ऐकेना. शेवटी तिघं गेलो.

हरेशच्या आईनं दार उघडलं. एक मुलगा तुरुंगात, दुसऱ्याची बातमी पोलिसांनी फोनवर दिलेली. भूपेश म्हणाला, "मी विघ्नेशबरोबर एका खोलीत होतो." बाईंनी त्याला आत घेतलं, पंखा लावला आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या. मग त्यांनी विचारलं, "जेवायचा का रे नीट?"

"माझ्यातलं अर्धं मी त्याला द्यायचो, तो मला द्यायचा," भूपेश म्हणाला.

बाईंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. हा पोरगा कोणामुळं तिथं पोचला होता हे त्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मला तिथं बसवेना म्हणून मी बाहेर येऊन उभी राहिले.

कट्टा पुन्हा सुरू करायला जॉयस तयार नव्हती. ऋतिकानंच आमच्यापैकी कोणाला न विचारता कागद छापून सगळीकडे लावले. खाली स्वतःचा नंबर टाकला. मग जॉयसला यावंच लागलं. क्लासवाल्यानं जागा नाकारली म्हणून चर्चच्या हॉलमध्ये जमलो. पूर्वीच्या निम्मीही माणसं नव्हती, आणि अनोळखी चेहरे बरेच होते.

खुर्च्या यावेळी रांगेत होत्या. जॉयस उभी राहिली आणि तिनं घडलेलं सगळं सांगितलं, काहीही न झाकता. हरेशला ॲडमिन तिनं केलं होतं, तेही सांगितलं. कोणाला काय हवं ते यापुढं सगळ्यांसमोर विचारणार नाही, असं म्हणाली. "ते विनयाताईंना एकट्यात सांगा, आणि कोणतीही नोकरी आली, कोणीही आणली, अगदी मी आणली तरी, ॲन्सेल्मला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका." भूपेश दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्यानं मान खाली घातली होती. लोक एकदा तिच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. टेबलावरचा चहा कोणी घेतला नाही.

तिचं बोलणं झालं. मग मागच्या रांगेतली एक बाई उठली. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "माझ्या मुलाचं परवा विमान आहे. बँकॉकला."

ॲन्सेल्मनं आपली खुर्ची ओढून तिच्याजवळ नेली. भूपेश दाराजवळून उठला आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. "मुलाला आत्ता फोन लावा," तो म्हणाला, "आनि मला द्या."